सोळा एमएमची नळी

मी धुळ्यातल्या एका फार्मसी कॉलेजात शिकवते. डिप्लोमाचं पहिलं वर्ष. पोरं साक्रीकडून, शिंदखेड्याकडून, पार पिंपळनेरहून सकाळच्या एसटीने येतात आणि पहिल्या तासाला निम्मी झोपलेली असतात. त्यांना जागं ठेवायला मी एक खोड लावून घेतली होती. औषधांच्या एखाद्या गटाचं लांबलचक नाव आलं की ते फळ्यावर लिहायचं, मधोमध उभी रेघ मारायची आणि दोन्ही तुकडे कुठून आले ते सांगायचं. कोणत्या भाषेतून, कोणत्या समजुतीतून. पोरांना ते आवडायचं. परीक्षेत त्याला मार्क नसतात, म्हणून जास्तच आवडत असावं.

या सगळ्यात माझा लाडका शब्द 'ब्रॉन्कोडायलेटर'. दम्यावरच्या औषधांचा गट. त्याच्यावर मी दहा मिनिटं सहज काढायचे. गेली तीन वर्षं मात्र एकच ओळ सांगते, "श्वासनलिका रुंद करणारी औषधं, लिहून घ्या," आणि पुढच्या गटाकडे वळते. जुन्या पोरांकडून ऐकीव चालत आलेलं असतं, त्यामुळे एखादी मुलगी विचारतेच, "मॅडम, या शब्दाची गोष्ट सांगता ना तुम्ही?" मी म्हणते, पोर्शन मागे पडलाय. माझा पोर्शन आजवर कधी मागे पडलेला नाही. मी फार शिस्तीची बाई आहे.

ती गोष्ट आता इथेच सांगते, म्हणजे एकदाची सांगून होईल.

शब्दाचा पहिला तुकडा ग्रीक. 'ब्रॉन्कोस' म्हणजे घसा, श्वासाची नळी. दुसरा तुकडा लॅटिन. 'लाटुस' म्हणजे रुंद, त्यावरून रुंद करणं, फाकवणं. वर्गात मी म्हणायचे, याचा एक पाय ग्रीसमध्ये आणि दुसरा रोममध्ये, तरी बिचारा चालतो. पोरं हसायची. मग मी सांगायचे की त्या जुन्या ग्रीकांपैकी काही शहाण्यांना वाटायचं, आपण पाणी पितो त्यातलं थोडं या वाटेने फुफ्फुसांकडे जातं आणि त्यांना थंड ठेवतं. म्हणजे श्वासाची नळी ही त्यांच्या लेखी पाण्याचीही नळी होती. इथे पोरं आणखी हसायची. मीही हसायचे. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांना हसणं सोपं असतं, ती उठून जाब विचारायला येत नाहीत.

मग 'अस्थमा'. तोही ग्रीक, तोंड उघडं टाकून धापा टाकणं. आणि आपला 'दमा' फारसीतल्या 'दम'वरून आलेला, दम म्हणजे श्वास. जी गोष्ट पुरत नाही तिचंच नाव आजाराला दिलंय, असं म्हणून मी खडू ठेवायचे. तास संपायचा. हे सगळं मला पाठ होतं आणि हे पाठ असण्याची मला जरा घमेंडही होती.

माझ्या आईला, आम्ही तिला माय म्हणतो, दमा आहे हे मात्र मला फार उशिरा कळलं.

आमचं गाव अमळनेरहून चोपड्याच्या अंगाला, तापीच्या अलीकडे. शेतात केळी आणि कापूस. माय कापूस वेचताना ओळीच्या टोकाला उभी राहून पदर तोंडावर धरायची, आम्हाला वाटायचं ऊन लागतंय. बोलताना वाक्याच्या मध्येच थांबायची, आम्हाला वाटायचं विचार करतेय. तीही कधी काही बोलली नाही. दुखणं सांगितलं की घरातल्या चार माणसांची कामं अडतात, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. शेवटी एकदा विहिरीवरून घरापर्यंत येताना ती तीनदा खाली बसली, तेव्हा वडिलांनी तिला अमळनेरला नेलं. वडिलांना सगळं गाव नाना म्हणतं, आम्हीही नानाच म्हणतो.

डॉक्टरांनी दोन पंप दिले. इनहेलरला आमच्याकडे पंपच म्हणतात. एक निळा, दम लागला की लगेच घ्यायचा. एक तपकिरी, लागो न लागो, सकाळ-संध्याकाळ रोज घ्यायचा. माय घरी आली आणि दोन्ही पंप तिने डाळीच्या डब्यामागे ठेवून दिले. शेजारची अक्का येऊन सांगून गेली होती, "एकदाव पंप लागना का मंग सुटस नही." पंप म्हणजे शेवटचा उपाय, पंप लागला म्हणजे माणूस गेल्यात जमा, ही आमच्या गावाची समजूत. डॉक्टरांच्या कागदापेक्षा अक्काचं वजन जास्त.

नानांचा फोन आला. "तू ये. तुनं आयकी ती. मनं काही आयकस नही."

मी रविवारी गेले. जेवणं झाल्यावर ओट्यावर बसले, निळा पंप हातात घेतला आणि वर्गात सांगते तसंच सांगायला लागले. आपल्याला घरात काय अन् वर्गात काय, एकच बोलता येतं. श्वासाची नळी असते, दम्यात ती आतून अरुंद होते, हे औषध ती रुंद करतं, नावातच ते आहे बघ. ग्रीसही सांगितलं, रोमही सांगितलं. माय पाहुण्यांचं ऐकावं तसं अदबीने ऐकत होती. तिच्या डोक्यात काही शिरत नव्हतं हे मला दिसत होतं.

नाना पायरीवर बसून ठिबकच्या नळ्यांचे जोड काढत होते. ठिबक ही त्यांची खरी विद्या. सातवी शिकलेला माणूस, पण कोणत्या ओळीला किती पाणी पोचतंय ते नळीवर बोट ठेवून सांगतो. ते अचानक उठले, कोपऱ्यातल्या भंगारातून सोळा एमएमच्या जुन्या नळीचा वीतभर तुकडा आणला आणि विळ्याने उभा चिरून माझ्यासमोर धरला. आतल्या बाजूला पांढरा थर बसला होता. आमच्याकडचं पाणी जड, त्यातला क्षार नळीत धरतो आणि भोकं बुजतात.

"तिनी नयी बी अशी व्हई जास का?" त्यांनी विचारलं. नळीला आम्ही नयी म्हणतो.

मी थर बोटाने खरवडून पाहिला. म्हटलं, "अशीच, नाना. अगदी अशीच."

"मंग आपन ॲसिड सोडतस, तसं हाई औषध?"

"तसंच समजा."

ही दोन उत्तरं मी दिली. कुणी माझ्या तोंडात घातली नव्हती.

नानांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. ते मायकडे वळले आणि पाच मिनिटांत तिला सगळं समजावून सांगितलं. नळीत थर बसलाय, औषध सोडलं की थर सुटेल, भोकं मोकळी होतील, पाणी टोकापर्यंत जाईल. माय ठिबकच्या शेतात आयुष्य काढलेली बाई. तिने लगेच मान डोलावली आणि तोंड उघडलं. पहिला पंप नानांनीच दिला.

तपकिरी पंपाचं मी काय सांगितलं? त्याच्यात स्टेरॉइड असतं. तो नळी रुंद करत नाही, आतली सूज उतरवतो, तीही हळूहळू, आणि बंद केला की सूज परत चढायला लागते. हे मला झोपेतही सांगता येईल. पण स्टेरॉइड शब्द ऐकला असता तर मायने पुन्हा दोन्ही पंप डाळीच्या डब्यामागे टाकले असते, कारण अक्काला त्या शब्दाबद्दलही बरंच माहीत होतं. म्हणून मी म्हटलं, "हाही नळी मोकळी करायचाच, फक्त रोज घ्यायचा." किती रोज, ते म्हटलं नाही. मला वाटलं, रोज म्हणजे रोज.

निघताना नाना समोरच्या ओट्यावरच्या माणसाला सांगत होते, "मनी पोरनी समजाडी दिधं माले." मी पंधरा वर्षं शिकवत होते. एवढ्या वर्षांत नानांनी मला एकदाही विचारलं नव्हतं की तू नेमकं काय शिकवतेस. अमळनेरहून धुळ्याला येताना एसटीच्या खिडकीशी बसून मी एकटीच हसत होते. शेजारची बाई माझ्याकडे संशयाने बघत होती.

नानांची एक वही आहे. कोणत्या दिवशी कोणत्या खताचा डोस, थ्री फेजची लाइट कोणत्या वेळी, कोणता व्हॉल्व्ह किती वेळ. त्या वहीत आता मायचं पान आलं. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, नंतर गुळण्या. एक दिवस चुकला नाही. महिन्याभरात मायचं वाक्य पुरं व्हायला लागलं. दोन महिन्यांत ती शेतापर्यंत चालत जाऊन आली. फोनवर तिचा आवाज ऐकून मला उगाच रडू यायचं आणि मी काहीतरी कारण काढून तिच्यावर खेकसायचे. माझं प्रेम असंच बाहेर पडतं.

एका फोनमध्ये नाना म्हणाले, "सोळानी वीस व्हयनी व्हई आते तिनी नयी."

मी खळखळून हसले. म्हटलं, "झाली असेल, नाना."

मला वाटलं, गंमत करतायत. ते विचारत होते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. झाडांना झोके बांधतात, दारोदार गौराईची गाणी होतात आणि पुरुषमंडळी लिंबाखाली पत्त्यांचे डाव मांडतात, त्या दिवसांत त्यावरून कुणी कुणाला रागावत नाही. मी दोन दिवस आधीच गेले. माय म्हणाली, "यंदा खापरवर करसू. दोन वरीस व्हई गयात."

खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मोठं मातीचं भांडं. हातावर फिरवून मोठी केलेली पुरणाची पोळी त्याच्यावर टाकायची. त्या पोळीत मायचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, आणि धुरामुळे दोन वर्षं तिला ती करता आली नव्हती. मी म्हणायला हवं होतं, नको. पण ती चुलीपुढे बसलीय, हातावर पोळी नाचवतेय, वाक्याच्या मध्ये थांबत नाहीये, हे बघायची मलाच हाव सुटली होती. नानांनी अंगणात स्वतःच्या हाताने चूल घातली होती.

दहाव्या-बाराव्या पोळीला मायचा हात थांबला. पोळी मनगटावरून लोंबायला लागली. तिने ती परातीत नीट ठेवली, हे मला पक्कं आठवतं, आणि मग दोन्ही हात जमिनीवर टेकले. खांदे वर चढले. तोंड उघडं, मान पुढे आणि छातीतून बारीक शिट्टी. 'अस्थमा' या शब्दाचा जो अर्थ मी वर्षानुवर्षं खडूने लिहीत आले, तो माझ्यासमोर अंगणात बसला होता.

मी धावत निळा पंप आणला. एकदा दिला, दोनदा, चारदा. तिला आत ओढताच येईना, अर्धं औषध ओठांवरूनच बाहेर जात होतं. "ओढ, माय, ओढ," एवढंच मी म्हणत होते. डोक्यात सगळं होतं. कोणता स्नायू आवळतो, कोणता रेणू कुठे चिकटतो, किती मिनिटांत परिणाम दिसतो. त्यातलं काहीही हातात येत नव्हतं. जवळच्या झोक्यावरच्या पोरी गाणं म्हणत होत्या आणि त्यांना थांबवावं हेही मला सुचलं नाही.

नाना लिंबाकडे धावले. गावातल्या पिकअपचा मालक डावात बसलेला. नानांनी एवढंच म्हटलं, "भाऊ, गाडी काढ. तिले दम लागना." त्याने हातातले पत्ते उलटे टाकले आणि उठला. केळीचे घड वाहायच्या त्या गाडीत पुढे माय आणि मी, मागच्या हौद्यात नाना उभे. अमळनेरपर्यंत मायचे ओठ सावळ्याचे निळसर होताना मी पाहिले. मी तिची पाठ चोळत होते. पाठ चोळून दमा जात नाही. पण हाताला दुसरं काही काम नव्हतं.

दवाखान्यात तिला लगेच मास्क लावला, मशीन सुरू केलं. मास्कमधून पांढरी वाफ यायला लागली. राख, धूर, पीठ सगळं अंगावर घेऊन आम्ही दोघं कॉटच्या दोन बाजूंना उभे. बऱ्याच वेळाने शिट्टी जरा खाली आली. तेव्हा नानांनी मशीनकडे बोट दाखवलं.

"हाई काय शे?"

"नेब्युलायझर."

"याना अर्थ काय व्हस?"

ओट्यावर विचारलं होतं तसंच विचारलं त्यांनी. त्याच भरवशाने. मला अर्थ माहीत होता. लॅटिन, 'नेब्युला' म्हणजे धुकं. सांगायला दोन सेकंद लागले असते. मी म्हटलं, "माहीत नाही, नाना."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला एखाद्या शब्दाचा अर्थ माहीत नाही हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

डॉक्टर आले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "रोजचा पंप कधीपासून बंद आहे?" मला प्रश्नच कळला नाही. बंद कुठे आहे? मी नानांकडे पाहिलं. नाना खिडकीकडे बघत होते. मायने मास्क हनुवटीवर ओढला आणि एकेक शब्द वेचत म्हणाली, "मीच... बंद करं. कटाळी... गयथू."

डॉक्टर तिच्यावर चिडले. तुम्हा लोकांना बरं वाटलं की औषध नको होतं, असं बरंच बोलले. ती मान हलवत राहिली.

नंतर व्हरांड्यात नानांनी मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं. दीड महिन्यापूर्वी तिचा श्वास मोकळा झालेला पाहून त्यांनीच तपकिरी पंप बंद केला होता. वहीत तारीख लिहिली होती. "नयी मोकयी व्हयी गयथी. रोज ॲसिड सोडं तर नयीच खाई जास ना. म्हनीसन बंद करं."

ते खरंच आहे. ठिबकमध्ये ॲसिड सोडतात, नळ्या बंद करून एक दिवस तसंच ठेवतात, मग टोकं उघडून धुऊन काढतात आणि त्या हंगामाला तिकडे बघत नाहीत. शहाणा शेतकरी रोज ॲसिड सोडत नाही. नानांनी मायच्या नळीची काळजी घेतली होती, आपल्या केळीच्या बागेची घेतात तशीच, मनापासून. आणि मला विचारूनही घेतलं होतं, सोळाची वीस झाली का. मी हो म्हटलं होतं.

मी त्यांच्यावर ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण 'अगदी अशीच' हे माझेच शब्द आठवले आणि मी बाकावर बसले. ब्रॉन्कोडायलेटर. नळी रुंद करणारं. किती वेळ रुंद करणारं, ते त्या शब्दात नाही. चार तास, सहा तास, मग ती परत आवळते, हे ना ग्रीकांनी घातलं ना रोमनांनी. मी घालायला हवं होतं. तेवढ्यासाठीच तर मला तिथे बोलावलं होतं.

आत जाऊन डॉक्टरांना खरं सांगता आलं असतं. आम्ही दोघांनी खालून चहा आणला आणि तो पिऊन टाकला. खोलीत आम्ही घरचे तिघं होतो आणि दोष तिने घेतला होता जिला श्वास पुरत नव्हता. आजही मला याची लाज वाटते.

माय चार दिवसांनी घरी आली. मी सुट्टी वाढवली आणि नानांना पुन्हा समजवायला बसले. या वेळी ग्रीस नाही, रोम नाही. म्हटलं, नाना, ही नळी प्लास्टिकची नाही, जिवंत आहे. रोज थोडी सुजते, रोज उतरवावी लागते. आज सोळा असेल, उद्या बारा होईल, औषध दिलं की पुन्हा सोळा. ते वही मांडीवर घेऊन ऐकत होते. सगळं ऐकून त्यांनी वही माझ्याकडे सरकवली.

"तूच सांग आते. माले काही समजस नही."

चाळीस वर्षं ज्या माणसाने कुणाला विचारून व्हॉल्व्ह फिरवला नाही, त्याने एका दुपारीत हात टेकले होते. दम्याचा झटका मायला आला, पण नाना त्यातून उठले नाहीत असं मला कधी कधी वाटतं.

तेव्हापासून सकाळी सात आणि संध्याकाळी सात असे दोन फोन येतात. "दिऊ का?" मी म्हणते, "द्या." मग ते पंप देतात. एकदा मी लग्नात होते, फोन ऐकू आला नाही, तर ते अर्धा तास पंप हातात धरून बसून राहिले आणि माय त्यांच्यासमोर तोंड उघडायची वाट बघत. मी चिडले. म्हटलं, नाना, रोजचं आहे, मला कशाला विचारता? संध्याकाळी पुन्हा फोन, "दिऊ का?"

आणि संध्याकाळच्या फोनला आणखी एक प्रश्न जोडला गेला. माझ्याच बोलण्यातून उचललेला. पंप देऊन झाला की ते फोन मायच्या तोंडाशी धरतात, तिला चार श्वास घ्यायला लावतात आणि मला विचारतात, "किती शे?"

आधी मला कळलंच नाही. "काय किती?"

"सोळा शे का बारा?"

फोनवरून श्वासनळीची रुंदी कळत नाही. कुणालाच कळत नाही. मी ते सांगायला गेले, तर नाना तिला पुन्हा श्वास घ्यायला लावू लागले, म्हणून मी पटकन म्हटलं, "सोळा आहे, नाना. छान सोळा आहे."

"मंग बरं शे," ते म्हणाले आणि फोन ठेवला. आता त्यांना जेवण जाईल हे मला आवाजावरून कळलं. असं ते सुरू झालं. फार्मसीच्या पोरांना एकेक मिलिग्रॅम अचूक लिहायला लावणारी मी, रोज संध्याकाळी सातला एक खोटा आकडा सांगते.

या वर्षी मायला धुळ्याला आणून मोठ्या डॉक्टरांकडून फुंकायची तपासणी केली. मशीनमध्ये जोराने फुंकायचं, मग नळी रुंद करणारं औषध द्यायचं, थोडं थांबून पुन्हा फुंकायचं. दोन्ही आकड्यांत जो फरक पडतो, तेवढी नळी उघडली. मायच्या दोन आकड्यांत फरक नसल्यासारखाच होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, इतकी वर्षं सूज राहून नळ्या आतून जाड झाल्यात, आता पूर्वीएवढ्या उघडायच्या नाहीत. औषध सोडायचं नाही, पण फार आशाही धरायची नाही. नाना बाहेर बाकावर वही घेऊन बसले होते. मी बाहेर येऊन म्हटलं, "ठीक आहे, नाना. औषध तेच चालू ठेवायचं." त्यांनी ते लिहून घेतलं.

परवा संध्याकाळी नेहमीप्रमाणे फोन आला. "दिऊ का?" "द्या." पंपाचा फुस्स आवाज ऐकू आला, मग फोन मायच्या तोंडाशी गेला. एक श्वास, दुसरा. तिसऱ्याला ती बारीक शिट्टी आली. अंगणातली, खापरासमोरची. मी ओळखली. चौथा श्वास अर्ध्यातच तुटला.

"किती शे?" नानांनी विचारलं.

"सोळा," मी म्हटलं.

"मंग बरं शे."

त्यांनी फोन ठेवला नाही, कॉटवर तसाच टाकला असावा. त्यांच्या चपलांचा आवाज लांब गेला, अंगणातला नळ सुरू झाला. मी फोन ठेवणार, तेवढ्यात तो कुणीतरी उचलला. मायचा आवाज. शब्दाशब्दाला थांबत.

"सोळा... नही शे, बेटा. माले... समजस ना."

तिने दम घेतला. तो किती वेळ घेत होती, ते मी मोजत राहिले.

"पन त्यासले... सोळाच सांगत जाय," ती म्हणाली, आणि फोन बंद करायचं बटण तिला सापडेना म्हणून तिचा श्वास मला बराच वेळ ऐकू येत राहिला.